कपारीतली बोटुकली

आमच्या रानाला लागूनच मासे संशोधनाची शेड आहे, तिथं मी नोकरीला आहे. काम सांगितलं की गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. रोहूच्या अंड्यातलं जनुक कापायचं, हे माझं काम. पहिल्यांदा रंगाचं कापलं, म्हणजे कापणी जमली का नाही ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. बोटाएवढी पिल्लं झाली, बोटुकलीच म्हणतात त्यांना, ती पांढरीफट्ट. त्यांच्याबाबत पहिला नियम हा, की यातलं एकही बाहेरच्या पाण्यात जाता कामा नये.

त्या दुपारी लाइट गेली अन् इन्व्हर्टरनंही मान टाकली. टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडला. जनरेटरला डिझेल आणायला मी कळंबला पळाले. अण्णा, माझे वडील, माझा डबा घेऊन आले होते. त्यांना म्हटलं, "इथंच बसा, कुणाला आत येऊ देऊ नका."

परत येऊन बघते तर टाकी रिकामी.

"अण्णा, मासे कुठंयत?"

"आपल्या हिरीत सोडले की. तोंड वर काढून तडफडत व्हते. बघत बसू का म्या?"

अण्णा माळकरी. मासा खायचा नाही, पण उन्हाळ्यात ओढ्यातलं डबकं आटलं की बादलीनं काढून त्याला विहिरीत सोडायचं, ही आमच्या घरची रीतच. तरी मी त्यांच्यावर जन्मात ओरडले नव्हते एवढी ओरडले. पावसाळ्यात आमची विहीर तुडुंब होऊन ओढ्यात उतरते, अन् ओढा जातो तलावाला. तिथून मासा कोण परत आणणार, कपाळ?

मोटार लावून विहीर उपसली. शेडवरची माणसं जाळी घेऊन उतरली. पिल्लं मोजली, तर एक कमी. कपारीत झरा आहे, तिथलं पाणी काही केल्या हटेना.

"बाकीची आता टाकीत सोडशील न्हवं?" अण्णांनी हळूच विचारलं.

बाहेरचं पाणी लागलेली ठेवायची नाहीत, मारायची, हाही नियमच. मी सांगितलं. अण्णा घराकडं निघाले.

तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. पिंजरा लावला, गळ टाकला. अण्णा रोज सकाळी विहिरीवर एकटेच जातात. आले की मी विचारते, "दिसला का वो?"

"न्हाय गं माय."

अण्णा खोटं बोलत नाहीत, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

आज सकाळी मी कणीक मळत होते. आभाळ भरून आलं होतं. अण्णा आले, कणकेतला लिंबाएवढा गोळा तोडला अन् विहिरीकडं गेले. परत आले तेव्हा हात मोकळा होता.

"दिसला का?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. पण माझ्याकडं बघितलं नाही.