रामटेकेबाबूंचा मेल गेला

तुमसरच्या आमच्या खासगी नर्सिंग संस्थेत संघपाल रामटेके बाबू आहेत आणि मी शिकवते. बाबूंना एकाच गोष्टीचा अभिमान आहे. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक पत्रावर घेणाऱ्याचं नाव असतं. ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते’ असली कोरडी ओळ त्यांना खपत नाही. पत्र एकदा लिहायचं, यादी जोडायची, मेल मर्जचं बटण दाबायचं. ‘प्रिय टीना’, ‘प्रिय रुचिता’, जिचं तिला बरोबर जातं. आंबागडच्या मजुराचा हा मुलगा चाळिशी उलटल्यावर हे सगळं आपलं आपण शिकला.

गेल्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी संचालकांच्या हुकमानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम आली. बाबूंना विचारतो कोण! आणि नेमका शनिवारी नागपूरच्या एका दवाखान्याचा निरोप आला: सोमवारी तुमच्याकडे मुलाखती घेतो, पास झालेल्या मुलींना बोलवा. कायमची नोकरी होती. मला पहिली आठवली नाकाडोंगरीची प्रतिक्षा. इंजेक्शन देताना तिच्याइतका हलका हात वर्गात कुणाचा नव्हता, आणि पास होऊन ती घरीच बसली होती.

बाबूंनी बटण दाबलं. पडद्यावरची खिडकी मिटली आणि पुढे काहीच नाही. चूक दाखवेना, मेलही जाईना. मशीन बंद करून चालू केली, पुन्हा तेच. शेवटी सिस्टीम टाकणाऱ्या अतुलला फोन लावला.

“नव्या मेल ॲपात मर्ज चालत नाही बाबू. जुनं टाका.”

“टाकून राहिलो ना बाप्पा! थे मशीन पासवर्ड मांगते.”

पासवर्ड संचालकांकडे, आणि संचालक फोन बंद करून पचमढीला. मला तर अस्सा संताप आला! बाबू मात्र रागावले नाहीत. फोन घेऊन एकेकीला कळवत बसले. तुमसरच्या झाल्या, आंबागडकडच्या झाल्या. नाकाडोंगरीच्या तेवढ्या राहिल्या, तोच संचालकांनी फोन चालू करून पासवर्ड धाडला. जुनं ॲप बसलं, आणि मेल धडाधड गेले.

“गेले मॅडम, सारे गेले!” बाबूंनी फोन खिशात टाकला आणि मला चहा पाजला.

नाकाडोंगरीत मेल पोचतो कसा, ते सांगायला हवं. तिथल्या मुलींचे फॉर्म बाबुलाल आपल्या ऑनलाइन सेंटरवर भरतो आणि सगळ्यांवर स्वतःचाच मेलचा पत्ता टाकतो. काही आलं की मोटरसायकलवर घरोघर जाऊन सांगतो. आजवर त्याचा एकही निरोप चुकला नव्हता. हे बाबूंना ठाऊक होतं, मलाही होतं. पण त्या दुपारी बाबुलाल सेंटरला कुलूप लावून साळ्याच्या लग्नाला बालाघाटला निघून गेला होता.

सोमवारी नाकाडोंगरीची एकही मुलगी आली नाही. बाबू सारखे फाटकापर्यंत जात नि परत येत. मग फोन लावत सुटले. प्रतिक्षाच्या घरचा नंबर बंद, बाबुलालचा लागेना. दवाखान्याची माणसं निघाली तेव्हा बाबूंनी हात जोडले, “एक दिवस थांबा ना साहेब.” पण जागा भरल्या होत्या.

बुधवारी प्रतिक्षा आली. इस्त्रीचा पांढरा ड्रेस, हातात बाबुलालनं काढून दिलेली प्रिंट. तारीख तिनं वाचली होती, तरी आली होती.

“सर, आता काहीच होत नाही काय?”

“जागा भरल्या,” बाबू म्हणाले.

तिनं त्या कागदाची नीट घडी घातली.

“माह्या नावानं आजवर कोनी पत्र नव्हतं धाडलं, सर. हे मी ठेवू काय?”

“ठेव बाई,” बाबू म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं.