तरव्याच्या मुठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदाला — म्हणजे बायकोला — नाही, आणि घरातल्या प्रत्येकाच्या मनातलं ओळखणाऱ्या आमच्या लेकीला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही समोर नाही, म्हणून असेल.

मी तापट. कोल्हापुरात ही काही बातमी नव्हे. इथं आम्ही खुशालीही भांडल्यासारखी विचारतो. पण माझं प्रकरण त्याच्या पुढचं. रश्श्यात मीठ जास्त पडलं म्हणून मी ताट भिंतीवर फेकलेलं आहे, आणि तो तांबडा डाग झाकायला तिथं कॅलेंडर टांगलंय. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब उतरवा. लेक म्हणाली, माइंडफुलनेस. मग गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत माती भरली, टोमॅटो, वांगी, मिरच्या लावल्या, आणि रोज सकाळी पोट सावरत श्वासाकडं लक्ष देत बसू लागलो. थोड्याच दिवसांत घर म्हणायला लागलं — हे निवळले.

निवळलो होतो? खरं सांगू — मला शांत वाटायचं ते वांग्यावरची अळी चिमटीत धरून चिरडताना. गोगलगायीवर मीठ टाकायचं आणि ती आक्रसताना बघत बसायचं. एवढी एकाग्रता मला शाळेत असती तर कुठल्या कुठं गेलो असतो. ध्यान म्हणतात ते हेच, असं प्रामाणिकपणे वाटायचं.

मग आबा आले. माझे वडील. आई गेल्यावर त्यांना शाहूवाडीकडच्या गावाहून आणलं. जन्मभर भात पिकवलेला माणूस. आता डोक्यात महिने आणि माणसं एकमेकांत मिसळत चालली होती. दुपारभर गच्चीत सावलीला बसायचे. मला बरंच वाटायचं — राखण होते.

आणि त्या दिवशी — थांबा, हे नीट सांगायला हवं. भाताचं रोप आधी एका तुकड्यात दाट वाढवतात. मग ते उपटायचं, मुळांची माती पायावर आपटून झाडायची, मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या वावरात लावायचं. ते रोप म्हणजे तरवा. आबांनी तेच केलं होतं. माझ्या सगळ्या बादल्या मोकळ्या. फुलावर आलेले टोमॅटो, मिरच्या, सगळं उपटून, झाडून, सुतळीनं मुठी बांधून ओळीनं मांडलेलं. खुशीत होते. म्हणाले, "संजा, चिखल झाला का रं? तरवा काढलाय बघ. ऊन चढायच्या आत लावून घ्यूया की."

माझ्या हातात खुरपं होतं. आबांचा उजवा हात कठड्यावर होता. खुरप्याची लाकडी मूठ मी त्या हातावर मारली. एकदाच मारली असती तर — राग आला, हात उठला, असं म्हणता आलं असतं. मी पुन्हा मारली. आणि पुन्हा. बोटाचं हाड वाळल्या काटकीसारखं वाजतं. तो आवाज ऐकल्यावरही एकदा मारली. आबांनी हात काढून घेतला नाही. का नाही घेतला? नुसते बघत होते, वाट चुकलेल्या पावण्याकडं बघावं तसं.

खाली आल्यावर मीच सांगितलं — जिन्यात पडले. सुनंदानं विचारलं, "कसं पडलासा हो आबा?" आबांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "पाय सटाकला."

विसरले होते, की मला झाकलं? विसरले, असंच मी धरून चाललो. सोयीचं होतं ते.

बाग पुन्हा लावली. कॉलनीच्या गणपतीत मला बोलायला बोलावलं — मातीतून मनःशांती. बोललो. चांगलं बोललो, लोक हसले, टाळ्या पडल्या. आबा पहिल्या रांगेत, हात प्लास्टरमध्ये. टाळी वाजवता येईना म्हणून डाव्या हातानं मांडी थोपटत होते.

आता प्लास्टर निघालंय. दोन बोटं मिटत नाहीत. घास सुनंदा भरवते. आबांच्या डोक्यातून गाव गेलं, आईचं नाव गेलं, माझं कधी असतं, कधी नसतं. पण गच्चीत मी खुरपं उचललं, की ते उजवा हात काखेत घालून बसतात.

आज सकाळीही बसले. मी वांग्यांच्या बुडाची माती मोकळी केली, पाणी घातलं, आणि खुरपं धुऊन ठेवेपर्यंत त्यांचा हात काखेतच होता.