मास्तरांनी ओरडणं सोडलं

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांचा आवाज असा, की काचा बंद असल्या तरी फुटपाथवरची माणसं दचकायची. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ते चर्चमधून घरी आले आणि बायकोला म्हणाले, "यंदा उपवासकाळात मटण बंद."

"ते तर डॉक्टरांनीच बंद केलंय. देवाच्या नावावर कशाला खपवताय? सोडायचंच तर ओरडणं सोडा. आणि दान म्हणून पाळणाघराच्या बाईंना फुकट शिकवा. मागे तुमच्या आवाजाला घाबरून बिचारी भर चौकात गाडीतून उतरली नि चालत घरी गेली."

मास्तरांनी त्याच संध्याकाळी बाईंना निरोप धाडला.

पाळणाघराला कुणीतरी जुनी व्हॅन दिली होती, पण चालवणारं कुणी नव्हतं. म्हणून बाई जीव मुठीत धरून पुन्हा शिकायला आल्या. पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. मास्तरांनी ओठांवर आलेलं सगळं गिळलं, डोळे मिटले आणि पुटपुटू लागले, "हे आमच्या स्वर्गातल्या बापा..."

बाई किंचाळल्याच. "मास्तर, मरतोय का आपण?"

"नाही हो! राग आवरतोय."

"मग तसं आधी सांगा ना! मी इकडे पोरांना मनातल्या मनात निरोप देऊन मोकळी झाले!"

शुक्रवारी मास्तर एकवेळच जेवत. ओरडायची बंदी त्यांना होती, पोटातल्या कावळ्यांना नव्हती. त्यातच बाईंनी गाडी मागे घेण्याऐवजी पुढे नेऊन एक भलीमोठी कुंडी आडवी केली. मास्तर लालबुंद झाले. खाली उतरले, गाडीला फेरी मारत मारियामातेची 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हटली, कुंडी उभी केली आणि परत येऊन बसले.

"बाई, तुम्ही रिव्हर्स का नाही टाकला?"

"तो टाकतात कसा?"

मास्तर उत्तर द्यायला गेले आणि थबकले. इतकी वर्षं ते नुसतं "रिव्हर्स! रिव्हर्स!" म्हणून बोंबलत आले होते, गिअरचा दांडा आधी खाली दाबायचा, मग मागे ओढायचा, हे सांगायचं राहूनच जायचं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "बघा, असा."

तेव्हापासून प्रार्थना व्हायची ती गाडी सुरू करण्याआधी, दोघांनी मिळून. मग मास्तर एकेक गोष्ट सावकाश समजावून सांगायचे. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात बाई लायसन्सची परीक्षा पास झाल्या.

ईस्टरच्या दिवशी चर्चमधला मिस्साविधी संपल्यावर मास्तरांना घरी सोडायला बाईंनी व्हॅन चर्चच्या दारात आणली. आत पोरांचा चिवचिवाट. पुढची जागा एका रडक्या पोरीने बळकावलेली, म्हणून मास्तर मागे दोन पोरांच्या मध्ये अंग चोरून बसले.

घरी आले तेव्हा शर्टाला बिस्किटाचा चुरा चिकटला होता.

"कशी चालवली बाईंनी?" बायकोने विचारलं.

"कुणास ठाऊक," मास्तर हसत म्हणाले. "मी खिडकीबाहेर बघत होतो. आपल्या गावात इतकी झाडं आहेत, हे मला आजच कळलं."