कार्तिकी अमावस्येचा प्रलय

शिवणवर्गात दोन गोष्टी आपोआप साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्यांची निदान गोधडी तरी होते. किश्श्यांचं काय करावं ते कळेना, म्हणून लिहून काढते आहे.

वर्ग हा शब्द तसा फार मोठा झाला. आमच्या सोप्यात एक शिलाईचं मशीन, भोवती आम्ही पाचजणी, आणि मधोमध माझी दहा महिन्यांची बाळी, जिला बटणं खायला आवडतात. मशीन माझ्या घरात आणि मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, एवढ्यावर मी शिकवणारी ठरले. यजमान हायस्कुलात गणित शिकवतात म्हणून मी मास्तरीणबाई. माझ्या स्वतःच्या पोलक्याच्या दोन बाह्या अजून एका लांबीच्या होत नाहीत. बाळीला दोन शिंका आल्या तरी मी ओव्याची पुरचुंडी शेकायला घेते. पण यंदा भाऊबीज झाली आणि सोलापुरात जगबुडीचं पत्रक आलं, तेव्हा मी ठाम होते. हे थोतांड आहे, असं मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं.

*

पत्रक आणलं राधाकाकूंनी. त्या आमच्या शेजारीण, भटजींच्या पत्नी, वयाने सगळ्यांत मोठ्या. गुलाबी कागद, वर सुदर्शनचक्र. काशीच्या कुणा बाबांच्या हिंदी पत्रकाचा हा मराठी तर्जुमा, असं खाली छापलेलं. कार्तिक वद्य अमावस्येला भर दुपारी कलियुग संपून सगळी पृथ्वी पाण्याखाली जाणार. आमच्या ऋषींची कालगणना घटकापळाला चुकत नाही, आणि हे आता गोऱ्या शास्त्रज्ञानेही मान्य केलं आहे.

"कुठल्या शास्त्रज्ञाने, काकू?"

"नाव दिलं नाही. पण गोरा आहे."

मी त्यांच्याच घरचं पंचांग मागवलं. पहिल्याच पानावर छापलेलं असतं, कलियुगाची एकंदर वर्षं चार लाख बत्तीस हजार. त्यांतली झाली किती, तर पाच हजारांच्या थोडी वर. मी बोट ठेवून दाखवलं. "काकू, ऋषींचा हिशोब चुकत नाही ना? मग अजून चार लाखांवर वर्षं शिल्लक आहेत."

काकूंनी चष्मा सारखा करून आकडा पाहिला. मग पत्रकाची घडी घालत म्हणाल्या, "अगं, कलियुगात कुठली वस्तू पुरते?"

*

दुसऱ्या दिवशी मी ग्रहांवर आले. पत्रकात होतं की, त्या दिवशी सगळे ग्रह एका राशीत गोळा होतील आणि त्यांच्या ओढीने समुद्र उसळेल. पंचांगात पाहिलं, तर सूर्यचंद्र एकत्र होते. ते काय, दर अमावस्येला असतातच. गुरू भलतीकडे आणि शनी तर त्याहून पलीकडे.

"येतील की," राधाकाकू म्हणाल्या. "अजून तीनचार आठवडे आहेत."

"काकू, शनी एका राशीत किती दिवस बसतो?"

शनी अडीच वर्षं उठत नाही, हे साडेसाती भोगलेल्या बाईला मी काय सांगणार? त्यांनी दोन टाके घातले, उसवले, आणि म्हणाल्या, "हे आमचं जुनं पंचांग झालं. माझा भाऊ नवं पाळतो. त्याच्यात विचारून बघते."

बहीणभावांच्या दोन पंचांगांत एकादशीसुद्धा एका दिवशी येत नाही. संध्याकाळी काकू भावाकडून परत आल्या, त्या समाधानाने. शनी नव्यातही तिथे नव्हताच. पण भाऊ म्हणाला होता, "ताई, तुझा प्रलय आधी होऊ दे. मग आमचा बघू."

*

नरसम्मा हातमागावर साड्या विणते. नवरा, ती, दीर, तिघांचे माग एकाच खोलीत. घरात तेलुगू, बाहेर मराठी. सगळं पत्रक तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "कोणता दिवस, अक्का?"

"अमावस्या."

"मग हरकत नाही," ती म्हणाली. "अमावस्येला आमचा माग बंदच असतोय."

*

आता ज्या गोष्टीपायी मी एवढी हट्टाला पेटले ती सांगते.

शेवंताबाई नातेपुत्याकडची, शेतकऱ्याघरची. नवरा गिरणीत कामाला, म्हणून गिरणीच्या चाळीत बिऱ्हाड. जगबुडीवर तिचाही विश्वास नव्हता. "नळाला घागरभर पानी येत न्हाय," ती म्हणाली होती, "आन् सोलापूर बुडवायला कुठनं येतंय?" माझ्या सगळ्या पंचांगापेक्षा हे उत्तर चांगलं होतं, हे मला तेव्हाच कळलं आणि जरा लागलंही.

तीच शेवंताबाई एके दुपारी हिरवा खण घेऊन आली. चोळी बेतून द्या म्हणाली. माप दिलं ते फार लहान.

"कुणाची गं?"

"तानीची."

तानी तिची मुलगी. अकरा वर्षांची, चौथीत. वर्गाच्या वेळेला आईबरोबर येते आणि बाळीच्या तोंडातली बटणं काढता काढता माझ्याकडून व्यवहारी अपूर्णांक शिकते. कार्तिक वद्य पंचमीला तिचं लग्न ठरत होतं. नवरा नातेपुत्याचा, तिशीचा, पहिली बायको बाळंतपणात गेलेली.

"पंचमीला? एवढ्या घाईने?"

"सासूबाई म्हंत्यात, जग बुडायच्या आत उरकायचं. पोरगी बिनलग्नाची गेली तर आमाला गती न्हाय."

"पण तुझा तर विश्वास नाही ना?"

"न्हाय की."

"मग सांग त्यांना, जग बुडत नाही म्हणून."

शेवंताबाईने खण मांडीवर नीट पसरला. "सांगितलं. त्या म्हनल्या, बुडालं तर लगीन झाल्यालं बरं, आन् न्हाय बुडालं तर बी लगीन झाल्यालं बरं."

कात्री हातात घेतली आणि खाली ठेवली. चोळी दोन दिवसांनी बेतते, म्हटलं. शेवंताबाईने मान हलवली, पण खण परत नेला नाही.

*

आणि हा किस्सा माझ्यावरचा आहे. तो गाळला तर बाकीचे लिहायचा मला अधिकार नाही.

पत्रकाच्या तळाशी लिहिलं होतं, याच्या अकरा प्रती करून वाटाव्या, न वाटणाऱ्याच्या घरी लहान मुलांना पीडा होईल. मी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून हसले होते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाळीला ताप भरला.

दात येत होते. मला ठाऊक होतं की दात येताहेत. बोट घालून पाहिलं, तर हिरडीला टोकही लागत होतं. तरी दुपारी ती झोपल्यावर मी दौत घेऊन बसले आणि चार प्रती लिहिल्या. सुवाच्य अक्षरात. पाचवी लिहिता लिहिता ती जागी झाली, अंग गार, आणि हसत होती. मी चारही प्रती तांदळाच्या डब्यात खुपसल्या.

दोन दिवसांनी तांदूळ काढायला नेमका यांनीच डबा उघडला. चारही कागद शांतपणे वाचले. मला वाटलं, आता संपलं. प्रलय आला तर आत्ताच यावा.

"अकरांपैकी चार," हे म्हणाले. "म्हणजे ताप चार अकरांश उतरायला हवा होता. बाकीचा सात अकरांश कुणी उतरवला?"

*

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गुलाबबाई वर्गाला आली. ती मारवाडातली, नवऱ्याचं कापडाचं दुकान. नवरात्रापासून ती माहेरी होती, त्यामुळे आमचा वाद तिला ठाऊकच नव्हता. राधाकाकूंनी तिला सगळं सांगितलं. तिथीचं नाव ऐकताच ती म्हणाली, "कार्तिक वदी अमावस? ती तर झाली की."

"झाली कशी? अजून पंधरा दिवस आहेत."

"तुमची असेल. पण कागद तर काशीचा ना? आमच्याकडे पुनवेला महिना संपतो, काशीतपण तसाच. तुमचा संपतो अमावसेला."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. अमावस्येला महिना संपवणारे आम्ही, पौर्णिमेला संपवणारे ते. शुद्ध पक्ष दोघांचा एका नावाचा, पण वद्य पक्षाला त्यांच्याकडे पुढच्या महिन्याचं नाव. आमची आश्विन अमावस्या ती त्यांची कार्तिक अमावस्या. तर्जुमा करणाऱ्याने भाषा बदलली होती. महिना बदलायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"गुलाबबाई, म्हणजे तुमची कार्तिक वदी अमावस्या..."

"दिवाळी. लक्ष्मीपूजन." तिने पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. दोऱ्याच्या रिळांना गुंडाळलेलं तेच पत्रक, हिंदीतलं, माहेरून आलेलं. "आमच्याकडे लोक घाबरले होते खरे. पण दिवाळीच्या दिवशी सगळ्यांना पूजेची घाई. बुडायला वेळ कुणाला?"

मग राधाकाकू अगदी हळू म्हणाल्या, "त्या दुपारी मी चिरोटे तळत होते."

"कसे झाले होते, काकू?"

"जरा जास्त खुसखुशीत."

*

दुसऱ्या दिवशी तानीची सुपारी फुटायची होती. सुपारी फुटली की शब्द पक्का, मग मागे फिरता येत नाही. मी एका काखेत बाळी, दुसऱ्या काखेत पंचांग आणि गुलाबबाईचं पत्रक घेऊन गिरणीच्या चाळीत गेले. वाटेत सगळं भाषण मनात दोनदा म्हटलं.

घोंगडीवर नातेपुत्याचे पाहुणे बसले होते, नवऱ्या मुलाचे वडील आणि चुलते. शेवंताबाईचा नवरा एका बाजूला, मान खाली. तानी आतल्या खोलीत, हिरव्या खणाऐवजी जुन्याच चोळीत, कारण खण अजून माझ्या घरी होता. पुरुषांत उभं राहून बोलायची माझी छाती झाली नाही. मी उंबऱ्याशी शेवंताबाईच्या सासूजवळ बसले आणि सगळं तिच्या कानात सांगितलं. पुनवेचा महिना, अमावस्येचा महिना, काशी, तर्जुमा. बाळी पंचांगाची पानं फाडायला बघत होती. म्हातारीचं लक्ष माझ्यापेक्षा बाळीकडेच जास्त होतं, आणि बाळीवरून ते पुन्हा पुन्हा आतल्या तानीकडे जात होतं.

शेवटी म्हणाली, "मंजी दिवाळीलाच?"

"हो आजी. व्हायचं असतं तर दिवाळीलाच झालं असतं. तेव्हा काही झालं नाही, तर आता कशाला..."

तिने पत्रक माझ्या हातातून घेतलं, चार घड्या केल्या आणि कनवटीला लावलं. मला वाटलं, फुकट गेलं सगळं.

चुलत्याने सुपारी अडकित्त्यात धरली.

"थांबा, पाव्हणं," म्हातारी म्हणाली. "जग बुडायच्या आत उरकायचं, असंच ठरलं हुतं न्हवं आपलं?"

"व्हय की."

"मग ते ऱ्हायलं. जग बुडालं."

"कवा?"

"लक्ष्मीपूजनाला. ह्या मास्तरीणबाईनी पंचांगात दावलंय. शिकल्याली बाई हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. वर्गात मी कुणाची चूक कधी सोडत नाही. ही सोडली.

नवऱ्या मुलाच्या वडिलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "पर आजी, आपून तर समदी हितंच हाय की."

म्हातारीने हात पुढे करून अडकित्त्यातली अख्खी सुपारी काढून घेतली. "ते बी खरंच," ती म्हणाली. "पर बुडल्याल्या जगात लगीन लावत न्हाईत, पाव्हणं. शेवंते, च्या टाक."