आईच्या कानाशी ओरडून सांगितलेलं

मंडळी, आज लेकीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तिच्या मधल्या कानातलं बारीक हाड घट्ट बसलंय. "लेझरनं त्याला धक्का न लावता छिद्र पाडता येतं," डॉक्टर म्हणाले. लेक हसली. मला मात्र रडू आवरेना.

एकोणीसशे सत्तरच्या दशकात माझ्या आईला हेच झालं होतं. आम्ही मंद्रूपचे. धाकट्या भावाच्या जन्मानंतर तिला ऐकू येईनासं झालं. सोलापुरात एका कानाचं ऑपरेशन झालं. तेव्हा हाड हत्यारानंच सोडवायचे. त्यात आतला नाजूक भाग दुखावला आणि तो कान कायमचा गेला. दुसऱ्या कानाला हात लावायला डॉक्टर तयार होईनात.

"काय म्हनत्यात?" आईनं विचारलं. माझे वडील, अण्णा, मान खाली घालून बसले. मी सतरा वर्षांची. तिच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्यांसमोर ओरडले, "न्हाय जमत म्हनत्यात!"

ती म्हणाली, "बाळ रडलं की मला सांगत जा की."

"व्हय," मी म्हणाले. चारच महिन्यांत लग्न होऊन मी वैरागला गेले.

माझ्यामागं तिला कोण सांगत होतं, हे मी कधी विचारलंच नाही. तुम्ही विचारलं असतं का?