पायरीखालचं गिऱ्हाईक

किकवीत माझं शेतीअवजारांचं दुकान आहे, रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. भोंगवलीकडचे एक टोपल्या विणणारे गृहस्थ हाताने चालवायच्या तीनचाकीवरून यायचे. पायरीशी थांबून भोंगा वाजवायचे. मी आतून एक कोयता नेऊन द्यायचो. ते तो हातात तोलायचे, धारेवर नख फिरवायचे आणि म्हणायचे, "बरा हाय." अशी सेवा दुसरं कोण देतं, याचा मला मोठा तोरा होता.

एकदा कोयता पिशवीत ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "शेठ, तुमचं दुकान आतनं कसं हाय वो?"

नऊ वर्षांचं गिऱ्हाईक, आणि दुकान आतून कधी पाहिलेलंच नाही! त्याच आठवड्यात गवंडी बोलावून पायऱ्यांच्या बाजूने लांब, बेताचा उतार बांधून घेतला.

पुढच्या खेपेला ते स्वतः तीनचाकी चढवून आत आले. भिंतीवरचे सगळे कोयते काढायला लावले, एकेक तोलून पाहिला. मी पिशवी पुढे केली, तर म्हणाले, "आज एकबी पसंत न्हाई पडला. फुडच्या येळी बगू."

आणि गेले. मला रागच आला. कोयते परत भिंतीला लावताना लक्षात आलं, बाकीची गिऱ्हाइकं रोज हेच करतात.