पहिल्या पेंढीचा मान

आदरणीय पाळक शांतवनसाहेब दहिवलीच्या आमच्या मंडळीत आले, तेव्हा मी चर्चमध्ये पेटी वाजवत होते. आजही वाजवते. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर ते माझ्याजवळ आले, सलाम केला आणि म्हणाले, "रूथबाई, हात छान आहे, पण पेटीचा भाता फाटलाय. तुम्हीही दमता आणि गाणंही दमतं." मला राग आला. त्याच फाटक्या भात्यावर मी सगळ्या मंडळीला गायला लावत होते. दुसऱ्या दिवशी साहेब कातड्याचा तुकडा आणि सरस घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने भाता नीट करून गेले. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले. खरं सांगायचं तर, असा गुरू कोणाबरोबर वाटून घ्यावा लागू नये, असंही मला त्याच दिवसापासून वाटू लागलं.

साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने मला त्यांच्या गुणांवर लिहायला सांगितलं. कडावच्या याकोबकडेही लेख मागितला आहे आणि तो माझ्या लेखाच्या आधी छापणार आहेत, असं कानावर आलं. छापोत बापडे.

साहेबांनी कडावपासून लोधिवलीपर्यंत जुन्या स्कूटरवरून घरोघर जाऊन सेवा केली. माझी आई एक अख्खा पावसाळा अंथरुणावर होती. साहेब येत, प्रार्थना थोडक्यात उरकत आणि मग चमचा घेऊन तिला पेज भरवत बसत, कारण माझ्या हातून खायला ती तोंड उघडत नसे. "साहेबांच्या हातची पेज गोड लागते," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पेज मी रांधलेली असे, हे मात्र ती कोणालाच सांगत नसे.

आमच्या चर्चच्या मागे मंडळीचं भाताचं एक खाचर आहे. लावणी, कापणी सगळे मिळून करतात. कापणीच्या सणाला त्या खाचरातली पहिली पेंढी डोक्यावर घेऊन चर्चमध्ये यायचं आणि वेदीपुढे ठेवायची, अशी आमची रीत. हा मान साहेबांनी मला दिला होता. पेंढी ठेवून मी पेटीवर बसायचे आणि मग गाणं सुरू व्हायचं. वर्षभर मी त्या सकाळची वाट पाहत असे.

याकोबचा दुधाचा धंदा. त्याला चर्चच्या पंचांत निवडून यायचं होतं, ते जमलं नाही. पुढे एकदा रस्त्याची मोजणी करणारी माणसं खाचराच्या बांधावर साहेबांशी बोलताना त्याला दिसली. त्याने गावभर उठवलं की साहेबांनी खाचर फार्महाऊसवाल्याला द्यायचं कबूल केलं. आमच्याकडे रोज कुठली ना कुठली जमीन अशी जातेच, त्यामुळे लोकांना पटलं. अर्धी मंडळी यायची बंद झाली. पाळकीणबाई बाजारात गेल्या की ओळखीची माणसं तोंड फिरवत. साहेब उपदेशात त्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत. घरोघर जाऊन भांडले ती मी. हे इथे नोंदवून ठेवते, कारण दुसरं कोणी नोंदवणार नाही.

रस्ता झाला, खाचर जागेवर राहिलं, लोक ओशाळून परत आले. सगळ्यात शेवटी याकोब आला. दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "साहेब, मला ठावं होतं ते खोटं हाय. तरी बोललो."

साहेब म्हणाले, "मी तुला केव्हाच माफ केलंय रे. आत ये."

बस्स, एवढंच! निदान मंडळीपुढे उभं करतील, चार शब्द सुनावतील, असं मला वाटलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

याकोब आत आला खरा, पण बसायचा चपलांपाशी. दर शनिवारी येऊन चर्च झाडायचा, अंगण झाडायचा, कोणाशी बोलायचा नाही. त्याला वाकलेला पाहून मला बरं वाटे. फेडू दे, म्हणायचे मी मनात.

कापणीच्या सणाच्या आदल्या दिवशी मी पेटी पुसत होते आणि तो झाडत होता. साहेब आले आणि त्यांनी त्याचा झाडू धरला. "याकोब, हा ठेव आता."

"नको साहेब. झाडल्याबिगर मनाला बरं नाय वाटत. माझ्या हातून पाप झालंय."

"प्रभूने ते वधस्तंभावर फेडलंय. तू झाडूने आणखी काय फेडणार? घर आपलं आहे म्हणून झाडायचं तर खुशाल झाड, शिक्षा म्हणून नको. आणि उद्या पहिली पेंढी तू आण."

याकोबने घाबरून माझ्याकडे पाहिलं. "ती रूथबायची हाय. मी नाय घेनार."

"ती देईल," साहेब म्हणाले. मला न विचारता!

मी तडक त्यांच्या घरी गेले. "साहेब, मी एक रविवार तरी चुकवला का? त्याने तुमची अब्रू घालवली, मी लोकांशी भांडले. ही तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली."

साहेबांनी मला आधी बसवलं. मग म्हणाले, "रूथ, पेंढी मी तुला बक्षीस दिली होती असं वाटलं होय गं तुला? तू या घरची आहेस, म्हणून दिली. तो झाडून झाडून जागा मिळवू बघतोय आणि तू पेटी वाजवून. जागा दोघांचीही आधीपासूनच आहे. त्याचा झाडू मी काढून घेतला. तुझ्या हातातलं काय काढून घेऊ, सांग."

पाळकीणबाईंनी आणलेला चहा तसाच ठेवून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी याकोब पेंढी घेऊन दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावर थांबला. त्याचा पाय आत पडेना. मागे सगळी मंडळी खोळंबली. मी पेटीवर बसले होते. तो माझ्याकडे बघत होता. साहेब माझ्याकडे बघत नव्हते. मी हात आवरून बसले असते तर तो तिथूनच माघारी गेला असता, आणि तसं व्हावं असं मला वाटतही होतं. मग साहेबांनी सांधलेला तो भाता मी ओढला आणि गाणं सुरू केलं. याकोब रडत आत आला.

म्हणजे मी त्याला माफ केलं, असं कोणी समजू नये. त्यानंतर दर सणाला साहेब मला जवळ बोलावतात आणि हळूच विचारतात, "झालं का गं?" मी म्हणते, "नाही." साहेब म्हणतात, "बरं, पुढल्या सणाला विचारतो," आणि मला जेवायला आपल्या शेजारी बसवून घेतात.

म्हणून प्रभूने साहेबांना धडधाकट ठेवावं आणि पुष्कळ पुष्कळ जगवावं. याकोबही हेच मागत असेल, पण माझी नड त्याच्याहून मोठी आहे. माझं उत्तर अजून "नाही" असंच आहे, आणि ते ऐकूनही मला शेजारी बसवून घेणारं दुसरं माणूस मला ठाऊक नाही.